सर्व प्रकारच्या वाटांवर चालणारी बाबागाडी : लोटणाऱ्याच्या श्रमाच्या अंगाने एक विवेचन

सारांश

बाबागाडीची निवड करताना तिच्यात बसणाऱ्या मुलाचा विचार प्रामुख्याने होतो. ती लोटणाऱ्या, वळविणाऱ्या, उचलणाऱ्या प्रौढ व्यक्तीचा विचार क्वचितच होतो. खडबडीत रस्त्यांसाठी बनविलेल्या, बाजारात 'ऑल-टेरेन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बाबागाडीची निवड पालकांच्या शारीरिक सोयीच्या दृष्टीने कशी करावी, याचा ऊहापोह प्रस्तुत लेखात केला आहे. चाकाची त्रिज्या, तरफेचे तत्त्व, हँडलची उंची, गाडीचे वजन आणि उतार या घटकांचा लोटणाऱ्यावर पडणाऱ्या भाराशी असलेला संबंध साध्या गणिताच्या आधारे स्पष्ट केला असून खरेदीपूर्वी दुकानातच करता येण्याजोग्या परीक्षा सुचविल्या आहेत.

बीजसंज्ञा : बाबागाडी, ऑल-टेरेन, कार्यश्रमशास्त्र, चाकाची त्रिज्या, तरफ, पदपथ, पालकत्व.

१. प्रस्तावना

आपल्याकडे मूल कडेवर घेण्याची, पाठीशी बांधण्याची वा झोळीत निजविण्याची परंपरा जुनी आहे. बाबागाडी ही त्यामानाने अलीकडील आणि प्रामुख्याने नागरी जीवनातील वस्तू होय. विभक्त कुटुंबे, नोकरी करणाऱ्या माता, घरातील मदतीचा अभाव आणि नातवंडे सांभाळणारे वयस्क आजी-आजोबा या परिस्थितीत तिचा वापर मध्यमवर्गीय घरांत वाढला. तथापि मोठ्या हौसेने घेतलेली बाबागाडी दोन-तीन महिन्यांतच गॅलरीत उभी राहते आणि पुढे तिचा उपयोग वाळलेले कपडे ठेवण्यासाठी होऊ लागतो, असे चित्र अनेक घरांत दिसते. याचे कारण मुलाला ती आवडत नाही हे नसते. बहुतेक वेळा ती लोटणारी व्यक्ती थकलेली असते.

या थकव्याचा परिणाम केवळ एक वस्तू अडगळीत जाण्यापुरता मर्यादित राहत नाही. ज्या आईला मुलाला घेऊन एकटीने वाण्याच्या दुकानापर्यंत, बागेपर्यंत वा दवाखान्यापर्यंत जाता येत नाही, तिचे बाहेर पडणे दुसऱ्या कोणाच्या तरी सवडीवर अवलंबून राहते. म्हणून बाबागाडी लोटण्याची सुलभता हा चैनीचा नव्हे, तर पालकाच्या, विशेषतः मातेच्या, स्वावलंबनाचा प्रश्न आहे.

'ऑल-टेरेन' या संज्ञेत मोठी चाके, हवेचे किंवा फेसभरित टायर, धक्के शोषणाऱ्या स्प्रिंगा आणि भक्कम सांगाडा ही वैशिष्ट्ये अभिप्रेत असतात. अशी गाडी खडी, माती, गवत, उखडलेले पदपथ यांवरून सहज जाते, असा विक्रेत्यांचा दावा असतो. तो दावा कितपत खरा आहे आणि त्याची किंमत लोटणाऱ्याला अन्यत्र कोठे मोजावी लागते, हे समजून घेणे आवश्यक आहे.

२. तीन शोध, तीन प्रकारचे श्रम

बाबागाडीच्या इतिहासाकडे दृष्टिक्षेप टाकला असता एक गोष्ट लक्षात येते. १७३३ साली इंग्लंडमधील उद्यानरचनाकार व वास्तुविशारद विल्यम केंट यांनी डेव्हनशायरच्या तिसऱ्या ड्यूकच्या मुलांसाठी जी गाडी तयार केली, ती शेळी किंवा तत्सम लहान जनावराने ओढावयाची होती. माणसाच्या श्रमाचा प्रश्न तेथे उद्भवतच नव्हता. पुढे गाडी माणसाने लोटावयाची झाली, तेव्हा लोटणाऱ्याच्या गरजांकडे क्रमाक्रमाने लक्ष गेले.

१८८९ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथील विल्यम रिचर्डसन यांनी एकस्व मिळविलेल्या रचनेत मुलाची बैठक लोटणाऱ्याकडे तोंड करून फिरविता येत असे, तसेच चाके परस्परांपासून स्वतंत्रपणे फिरत असल्यामुळे गाडी थोड्या जागेत वळविता येत असे. येथे वळविण्याचे श्रम कमी झाले. १९६५ साली ओवेन मॅक्लारेन या ब्रिटिश विमानअभियंत्याने घडीच्या हलक्या गाडीच्या एकस्वासाठी अर्ज केला. स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर काम केलेल्या या अभियंत्याने ॲल्युमिनियमच्या नळ्या वापरून छत्रीसारखी मिटणारी, तीन किलोहूनही कमी वजनाची गाडी सिद्ध केली. येथे उचलण्याचे श्रम कमी झाले. १९८४ साली अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील याकिमा येथे फिल बेकलर यांनी मुलाला सोबत घेऊन धावता यावे, म्हणून बाबागाडीला सायकलची चाके जोडली आणि त्यातून 'बेबी जॉगर' ही तीनचाकी गाडी निर्माण झाली. आजची ऑल-टेरेन गाडी याच परंपरेतील होय. येथे खडबडीत जमिनीवर लोटण्याचे श्रम कमी झाले.

मॅक्लारेन यांची वाट हलकेपणाची, तर बेकलर यांची वाट मोठ्या चाकाची. या दोन वाटा परस्परविरोधी आहेत. चाक मोठे केले की सांगाडा मोठा व जड होतो. सांगाडा हलका व आटोपशीर केला की चाक लहान करावे लागते. दोन्ही गुण पूर्णांशाने असलेली गाडी संभवत नाही. परिणामी 'सर्वांत चांगली बाबागाडी कोणती?' या प्रश्नाला सर्वसाधारण उत्तर नसून, आपल्या दिनक्रमात लोटण्याचे श्रम अधिक आहेत की उचलण्याचे, या प्रश्नाच्या उत्तरावरच निवड अवलंबून राहते.

३. चाकाची त्रिज्या आणि वाटेतील अडथळा

आपल्या रस्त्यांवर बाबागाडीला अडविणाऱ्या गोष्टी फार मोठ्या नसतात. वर आलेला पेव्हर ब्लॉक, ड्रेनेजच्या झाकणाची कड, खणून बुजविलेल्या चराचा उंचवटा, दाराचा उंबरठा अशा दोन ते चार सेंटिमीटर उंचीच्या गोष्टीच वारंवार आडव्या येतात. चाक अशा अडथळ्यावर चढण्यासाठी लागणारे आडवे बल स्थितिशास्त्रातील परिचित सूत्राने काढता येते. चाकावरील भार 'भ', चाकाची त्रिज्या 'त्रि' व अडथळ्याची उंची 'उ' मानल्यास, आसावर आवश्यक असणारे बल 'ब' असे मिळते :

ब = भ × √(२ × त्रि × उ − उ²) ÷ (त्रि − उ)

उदाहरणादाखल गाडीचे वजन १२ किलो, मुलाचे १० किलो आणि सोबतच्या सामानाचे ३ किलो, असा एकूण २५ किलो भार मानू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या वाढमानकांनुसार एक वर्षाच्या मुलाचे मध्यम वजन मुलगी वा मुलगा यानुसार सुमारे ९ ते साडेनऊ किलो असते. तेव्हा हे गृहीतक वास्तवाला धरून आहे. यांपैकी १० किलो भार पुढील चाकांवर येतो, असे मानल्यास दोन सेंटिमीटरच्या अडथळ्यावर चढण्यासाठी १५ सेंटिमीटर व्यासाच्या चाकाला सुमारे ९.३ किलो, ३० सेंटिमीटर व्यासाच्या चाकाला ५.८ किलो आणि ४० सेंटिमीटर व्यासाच्या चाकाला ४.८ किलो इतके बल लागते. अडथळा चार सेंटिमीटरचा असल्यास हेच आकडे अनुक्रमे १९, ९.३ व ७.५ किलो असे होतात.

या आकड्यांवरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, १५ वरून ३० सेंटिमीटर व्यासाच्या चाकाकडे जाताना जो लाभ होतो, तितका लाभ ३० वरून ४० कडे जाताना होत नाही. पदपथावर चालण्यासाठी ३० सेंटिमीटरच्या आसपासचे, म्हणजे सुमारे १२ इंचांचे चाक बहुधा पुरेसे ठरते. १६ इंचांच्या चाकाचा खरा उपयोग धावणाऱ्या पालकांना वा शेतवाटेने नित्य जाणाऱ्यांना होतो. दुसरा निष्कर्ष असा की, अडथळ्याची उंची दुप्पट झाली असता लहान चाकाला लागणारे बल दुपटीहूनही अधिक वाढते. लहान चाकाची गाडी चांगल्या रस्त्यावर उत्तम चालते आणि वाईट रस्त्यावर एकाएकी अडते, या अनुभवाचे कारण हेच आहे.

वरील सूत्रात बल आसावर लावले आहे, असे मानले आहे. प्रत्यक्षात आपण जमिनीपासून सुमारे एक मीटर उंचीवरील हँडल लोटतो. त्यामुळे अडथळ्याशी गाडी अडताच जोराने पुढे लोटल्यास पुढील चाक अधिकच दाबले जाते आणि गाडी पुढे कलण्याचा संभव निर्माण होतो. यावर उपाय जोर वाढविण्याचा नसून पुढील चाक उचलण्याचा आहे.

४. पदपथाची कड, तरफ आणि तोल

इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांविषयीच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत पदपथाच्या कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी आणि चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी असावी, असे म्हटले आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी कड याहून उंच आढळते. परंतु नियमात बसणारी १५ सेंटिमीटरची कडही विचारात घेतली, तर ३० सेंटिमीटर व्यासाच्या चाकाची त्रिज्या तेवढीच असल्यामुळे ते केवळ पुढे लोटून तिच्यावर चढूच शकत नाही. ४० सेंटिमीटर व्यासाचे चाकही भाराच्या जवळजवळ चौपट बल मागते. अर्थात कोणतीही 'ऑल-टेरेन' गाडी पदपथावर लोटून चढत नाही. ती तरफेप्रमाणे मागे कलवून, पुढील चाक उचलून चढवावी लागते.

या तरफेचा टेकू म्हणजे मागील आस. गाडीचा गुरुत्वमध्य मागील आसाच्या २४ सेंटिमीटर पुढे आणि हँडल ४० सेंटिमीटर मागे असल्यास २५ किलोच्या गाडीचे पुढील चाक उचलण्यासाठी हँडल १५ किलो बलाने खाली दाबावे लागते. हँडल ५० सेंटिमीटर मागे असल्यास हेच बल १२ किलोवर येते. एक पाय मागील आसाच्या दांड्यावर टेकवून हँडल स्वतःकडे ओढल्यास तरफेची भुजा हँडलच्या उंचीइतकी लांब मिळते आणि सुमारे सात-आठ किलो बलात काम भागते. दिवसातून दहा वेळा पदपथावर चढ-उतार करणाऱ्या व्यक्तीच्या मनगटांना हा फरक निश्चितपणे जाणवतो.

मात्र गुरुत्वमध्य मागील आसाच्या जितका जवळ, तितकी गाडी कलविणे सोपे आणि तितकीच ती मागे उलटण्याची भीती अधिक. याचा प्रत्यय हँडलला पिशवी अडकविताना येतो. वरील उदाहरणातील १२ किलोची गाडी घेऊ. हँडलला ८ किलो भाजीची पिशवी अडकविली असता मूल बसलेले असेपर्यंत गाडी उभी राहते. कारण गाडी व मूल मिळून पुढील बाजूचा आघूर्ण ५२८ आणि पिशवीचा ३२० किलोग्रॅम-सेंटिमीटर असतो. मूल उचलताच पुढील आघूर्ण २८८ वर येतो आणि गाडी मागे कोसळते. हातात मूल असताना हे घडते, हे लक्षात घेतले म्हणजे बैठकीखाली ऐसपैस आणि सहज हात पोहोचेल अशी टोपली असणे का आवश्यक आहे, ते कळून येते. टोपलीतील भार खाली आणि दोन्ही आसांच्या मध्ये राहतो. हँडलवरील भार तोल बिघडवितो.

५. चाकांची संख्या, पुढील चाक आणि टायर

तीन बिंदूंतून एकच प्रतल जाते, या भूमितीतील तत्त्वानुसार तीनचाकी गाडीची तिन्ही चाके उंचसखल जमिनीवरही टेकलेली राहतात. चारचाकी गाडीचा सांगाडा ताठ असल्यास एक चाक अधांतरी राहून गाडी डुगडुगते. उलटपक्षी तीनचाकी गाडीचा आधार त्रिकोणी असल्यामुळे तिरप्या उतारावर अथवा वेगाने वळताना ती कडेला कलण्याचा संभव चारचाकीपेक्षा अधिक असतो. म्हणून तीनचाकी गाडी घेताना मागील दोन चाकांतील अंतर पुरेसे असल्याची खात्री करावी. पण ते अंतर आपल्या दारातून व उद्वाहनातून जाईल इतकेच असावे, हेही पाहावे.

पुढील चाक स्वतःभोवती फिरणारे असल्यास दुकानातील गर्दीत व बोळांत गाडी एका हाताने वळविता येते. परंतु खडीवर किंवा वेगात हेच चाक थरथरू लागते आणि खड्ड्यात आडवे वळून अडते. म्हणून पुढील चाक गरजेनुसार सरळ दिशेत अडकवून ठेवण्याची सोय असणे हे ऑल-टेरेन गाडीचे आवश्यक लक्षण मानावे. चाक कायमचे स्थिर असल्यास प्रत्येक वळणावर हँडल दाबून गाडी वळवावी लागते. धावण्यासाठी ते योग्य, मंडईसाठी नव्हे.

हवेचा टायर बारीक खड्डे स्वतःत सामावून घेतो. त्यामुळे मुलाला बसणारे आणि लोटणाऱ्याच्या मनगटांपर्यंत पोहोचणारे हादरे दोन्ही कमी होतात. मात्र बाभळीच्या काट्यांच्या प्रदेशात तो वारंवार पंक्चर होतो. फेस भरलेला टायर किंचित जड व कडक असला, तरी देखभाल मागत नाही. हवेचाच टायर घ्यावयाचा असल्यास त्याचे माप लहान मुलांच्या १२ इंची सायकलच्या ट्यूबशी जुळते किंवा कसे, आणि वॉल्व्ह कोपऱ्यावरच्या सायकल दुकानातील पंपाला बसतो किंवा कसे, हे पाहणे हिताचे ठरते. हवेचा कमाल दाब टायरच्या बाजूवर छापलेला असतो. पेट्रोल पंपावरील यंत्राने बेसुमार हवा भरल्यास लहान टायर फुटू शकतो.

६. हँडल, पाऊल आणि पेहराव

कार्यश्रमशास्त्राच्या दृष्टीने हँडल कोपराच्या किंचित खाली असावे, जेणेकरून खांदे उचलले जात नाहीत आणि पाठ वाकत नाही. उभ्या माणसाच्या कोपराची उंची त्याच्या एकूण उंचीच्या साधारणतः ६३ टक्के असते. त्यानुसार १५२ सेंटिमीटर उंचीच्या आईचे कोपर जमिनीपासून सुमारे ९६ सेंटिमीटरवर, तर १७५ सेंटिमीटर उंचीच्या वडिलांचे सुमारे ११० सेंटिमीटरवर येते. एकच गाडी आई, वडील व आजी असे तिघे लोटणार असतील, तर उंची कमी-अधिक करता येणारे हँडल ही त्या घराची गरज ठरते. अनेक परदेशी बनावटीच्या गाड्या उंच व्यक्ती डोळ्यांसमोर ठेवून घडविलेल्या असतात. त्यांच्या हँडलची किमान उंची कोपराच्या वर जात असेल, तर इतर गुण कितीही असले तरी त्या व्यक्तीसाठी ती गाडी योग्य नव्हे.

छत्रीसारख्या मिटणाऱ्या गाडीला दोन सुट्या मुठी असतात. एका हाताने लोटल्यास ती वाकडी जाते. सलग आडव्या दांड्याचे हँडल मध्यावर धरून एका हाताने लोटता येते आणि दुसरा हात छत्रीसाठी, मोठ्या मुलाचे बोट धरण्यासाठी वा रस्ता ओलांडताना वाहनांना हात दाखविण्यासाठी मोकळा राहतो. आपल्याकडील पावसाळा व रहदारी विचारात घेता ही बाब गौण नव्हे.

चालताना पाऊल मागील आसावर वा ब्रेकच्या दांड्यावर आपटत असल्यास माणूस नकळत आखूड पावले टाकतो आणि कमरेत वाकतो. उंच पालकांच्या पाठदुखीचे हे एक सहसा लक्षात न येणारे कारण असते. याच्या जोडीला पेहरावाचाही विचार करावा. साडीच्या निऱ्या, ओढणी व पदर मागील चाकांच्या आऱ्यांत वा आसाच्या टोकाला अडकू शकतात. त्यामुळे चकतीने झाकलेली चाके अधिक सुरक्षित. ब्रेक सोडताना पायाच्या बोटांनी वर उचलावा लागत असेल, तर चपला घालणाऱ्या व्यक्तीस तो प्रत्येक वेळी बोचतो. लावताना व सोडताना दोन्ही वेळा खालीच दाबावा लागणारा ब्रेक अशा व्यक्तीस सोयीचा.

बैठकीची उंची ही मूल व पालक या दोघांच्याही हिताची बाब आहे. बैठक उंच असल्यास मुलाला ठेवताना-उचलताना कमी वाकावे लागते. शिवाय इंग्लंडमधील सरे विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ साली निदर्शनास आणल्याप्रमाणे बाबागाडीतील मूल जमिनीपासून सुमारे ०.५५ ते ०.८५ मीटर उंचीवर, म्हणजे वाहनांच्या धुराड्यांच्या पातळीलगत श्वास घेते आणि प्रौढांच्या तुलनेत ६० टक्क्यांपर्यंत अधिक प्रदूषणाला सामोरे जाऊ शकते. रहदारीच्या रस्त्यावर उंच बैठक म्हणूनच श्रेयस्कर.

७. उचलण्याचे श्रम

येथवर ऑल-टेरेन गाडीचे गुण पाहिले. आता तिच्या मर्यादेकडे वळू. छत्रीगाडी साधारणतः ५ ते ७ किलो वजनाची, तर ऑल-टेरेन गाडी ११ ते १५ किलो वजनाची असते. उद्वाहन नसलेल्या तीन-चार मजली इमारती आपल्या शहरांच्या जुन्या भागांत मोठ्या प्रमाणावर आहेत. अशा इमारतीत राहणाऱ्या व्यक्तीला मूल आणि गाडी दोन्ही वर न्यावी लागतात.

केवळ भौतिकशास्त्रातील 'कार्या'चा हिशेब केला, तर उत्तर अनपेक्षित येते. ६ किलोची छत्रीगाडी व १२ किलोची ऑल-टेरेन गाडी घेऊ. मूल व सामान दोहोंत १३ किलो. खराब रस्त्यावर छत्रीगाडीला भाराच्या ६ टक्के व मोठ्या चाकाच्या गाडीला ३ टक्के घरंगळरोध होतो, असे उदाहरणापुरते गृहीत धरल्यास त्या अनुक्रमे सुमारे १.१४ व ०.७५ किलो बलाने लोटाव्या लागतील. दोन किलोमीटरच्या फेरीत ऑल-टेरेन गाडी सुमारे ७८० किलोग्रॅम-मीटर कार्य वाचविते. तीच गाडी तीन मजले, म्हणजे ९ मीटर वर नेताना जादा सहा किलोपायी अवघे ५४ किलोग्रॅम-मीटर कार्य अधिक करावे लागते. या हिशेबाने जड गाडीच चौदापटीने फायद्याची ठरते.

परंतु शरीर असा बेरजेचा हिशेब ठेवत नाही. एक किलो बलाने अर्धा तास लोटणे हे चालण्याचाच भाग होऊन जाते. बारा किलोची अवजड वस्तू जिन्याच्या वळणावर, एका हाताने, पाठ वळवून उचलणे हा पाठीच्या कण्यावर क्षणात येणारा ताण असतो. प्रसूतीनंतरच्या काळात, विशेषतः सिझेरियन शस्त्रक्रियेनंतर सुमारे सहा आठवडे, बाळाच्या वजनापेक्षा जड काही उचलू नये, असा वैद्यकीय सल्ला सामान्यतः दिला जातो. अशा मातेसाठी आणि गुडघेदुखी असलेल्या आजीसाठी निर्णायक ठरते ती एकूण श्रमांची बेरीज नव्हे, तर दिवसातील सर्वांत कठीण क्षण. म्हणून निवडीचा निकष असा मांडता येईल : ज्या क्रियेत आपल्याला सर्वाधिक बल लावावे लागते, ती क्रिया सुलभ करणारी गाडी घ्यावी.

तळमजल्यावर गाडी कुलूप लावून ठेवण्याची जागा मिळत असेल, तर उचलण्याचा प्रश्न जवळजवळ संपतो आणि ऑल-टेरेन गाडी योग्य ठरते. ती सोय नसेल, तर हलकी गाडी व सोबत अंगाशी मूल बांधण्याचे कापडी साधन ही जोडी अधिक उपयुक्त होते. मोटारीने प्रवास करणाऱ्यांनी मिटलेल्या गाडीची लांबी, रुंदी व जाडी डिकीत मोजून पाहावी. सीएनजीची टाकी बसविलेल्या लहान मोटारीत मोठ्या चाकांची गाडी बहुधा मावत नाही. चाके सहज निघणारी असल्यास ही अडचण काही अंशी दूर होते. गडावरील पायऱ्या, समुद्रकाठची कोरडी वाळू किंवा पावसाळ्यातील चिखलवाट येथे कोणतीही बाबागाडी फारशी उपयोगी पडत नाही, हेही स्पष्टपणे नमूद करणे आवश्यक आहे.

८. उतार, ब्रेक आणि सुरक्षितता

बारास एक या प्रमाणाच्या, म्हणजे चाकाच्या खुर्चीसाठी मान्य असलेल्या उतारावर २५ किलोची गाडी सुमारे २.१ किलो बलाने खाली ओढली जाते; आठास एक या उतारावर ३.१ किलो बलाने. चढताना ही ओढ श्रमदायक, उतरताना धोकादायक. डोंगराळ गावांत वा चढ-उताराच्या वसाहतींत राहणाऱ्यांनी हँडलवरील हातब्रेक आणि मनगटाला अडकविण्याचा पट्टा या दोन गोष्टी असलेली गाडी पसंत करावी. उभ्या गाडीचा पायब्रेक मागील दोन्ही चाकांना एकाच वेळी लागतो की नाही, हे उतारावर उभे करूनच पाहावे.

सुरक्षामानकांचीही दखल घ्यावी. अमेरिकेत सप्टेंबर २०१५ पासून बाबागाड्यांसाठी सुरक्षामानक बंधनकारक करण्यात आले. युरोपीय मानक ईएन १८८८ चे २०१८ साली दोन भाग करण्यात आले : पहिला १५ किलोपर्यंतच्या व दुसरा २२ किलोपर्यंतच्या मुलांसाठीच्या गाड्यांचा. गाडीवरील चिठ्ठीत यांपैकी कोणत्या मर्यादेचा उल्लेख आहे, ते पाहून गाडी किती वर्षे उपयोगी पडेल याचा अंदाज येतो. मानकांची आवश्यकता घटनांतूनही सिद्ध झाली आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये मॅक्लारेन कंपनीच्या सुमारे १० लाख गाड्यांबाबत अमेरिकेत परतीची कारवाई झाली. घडी करताना बिजागरीत सापडून १२ मुलांच्या बोटांची टोके तुटल्याची नोंद होती. २०१८ साली तेथील ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने तीनचाकी गाड्यांच्या एका उत्पादकाविरुद्ध, झटपट काढता येणारे पुढील चाक चालताना निखळते, या कारणास्तव तक्रार दाखल केली होती. तात्पर्य, घडी करताना मूल दूर असावे आणि पुढील चाकाची कळ प्रत्येक फेरीपूर्वी तपासावी.

'ऑल-टेरेन' या नावामुळे होणारा आणखी एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. ही गाडी खडबडीत वाटेवर चालते, याचा अर्थ तान्हे मूल त्या वाटेवर न्यावे असा नाही. सहा महिन्यांखालील शिशूसाठी पाठ किमान १५० अंशांपर्यंत मागे झुकणारी बैठक हवी. खडबडीत वाटेवर वा धावताना गाडीचा वापर मूल मान सावरून आधाराविना बसू लागल्यानंतर, म्हणजे साधारणतः सहा ते आठ महिन्यांनंतर आणि बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच करावा.

९. खरेदीपूर्वीच्या परीक्षा

दुकानातील गुळगुळीत फरशीवर रिकामी गाडी फिरवून कोणतीच गाडी वाईट वाटत नाही. म्हणून पुढील परीक्षा करणे इष्ट होय.

(१) बैठकीत १० किलो तांदळाची पिशवी पट्ट्याने बांधून मगच गाडी लोटावी. (२) दुकानाबाहेरील प्रत्यक्ष रस्त्यावर, एका तरी उंचवट्यावरून, ती एका हाताने न्यावी. (३) रद्दीवाल्याकडे असतो तसा हुकाचा काटा हँडलला अडकवून समतल जागी गाडी ओढावी. ती हलविण्यास व चालती ठेवण्यास किती बल लागते, ते दोन-तीन गाड्यांबाबत ताडून पाहावे. (४) गाडी लोटणाऱ्या प्रत्येक व्यक्तीने हँडल कोपराखाली येते का आणि नेहमीच्या पावलाने चालताना पाय आपटतो का, हे पाहावे. (५) नेहमीच्या पादत्राणांत ब्रेक पाच वेळा लावावा व सोडावा. (६) एका हातात पिशवी धरून दुसऱ्या हाताने गाडीची घडी करावी आणि ती उचलून दहा पायऱ्या चढावे. (७) घरून येताना मुख्य दार, उद्वाहन आणि डिकी यांची मापे लिहून आणावीत.

या परीक्षांना अर्धा तास पुरतो. सहाव्या परीक्षेत जी व्यक्ती थांबते, तिने पहिल्या पाच परीक्षांतील यशाने हुरळून जाऊ नये.

१०. समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे स्पष्ट होते की, ऑल-टेरेन बाबागाडी ही सर्व वाटांवरील सर्व अडचणींचे उत्तर नसून लोटण्याचे श्रम कमी करून उचलण्याचे श्रम वाढविणारी एक तडजोड आहे. ही तडजोड कोणाला लाभदायक ठरेल, हे गाडीच्या किमतीवर वा नावलौकिकावर नव्हे, तर घराचा मजला, वाटेची अवस्था, लोटणाऱ्यांची उंची व प्रकृती यांवर ठरते. एक आठवडाभर आपण किती वेळा जिना चढतो, किती अंतर खराब रस्त्याने चालतो आणि गाडी प्रत्यक्षात कोण लोटणार आहे, याची नोंद ठेवली, तर निवड बऱ्याच अंशी आपोआप होते.

त्याचबरोबर हेही विसरता येत नाही की, बाबागाडीला सायकलचे चाक लावावे लागणे हा काही अंशी पदपथांच्या दुरवस्थेचा खाजगी खर्चाने केलेला परिहार आहे. चौकात जेथे पदपथाची कड उताराने रस्त्याला मिळते, तेथे साधी छत्रीगाडीही विनासायास जाते; आणि त्याच उतारावरून चाकाची खुर्ची, काठी टेकणारे वृद्ध आणि सामानाची ढकलगाडीही जाते. महाविद्यालयांच्या आवारांतही पायऱ्यांच्या बाजूला असा एक उतार असल्यास अपंग विद्यार्थ्यांबरोबरच लहान मूल असलेल्या विद्यार्थिनी, प्राध्यापिका व कर्मचारी यांची सोय होते. चांगली गाडी निवडणे पालकांच्या हाती आहे. तिला योग्य वाट देणे ही संस्थांची व नागरी प्रशासनाची जबाबदारी होय.